पिशवी कोणी बदलायची

माझ्या नवऱ्याच्या लघवीतून रक्त जातंय हे मला फोनवर कळलं. फोन उचगावहून होता, नणंदेचा.

"तुला म्हाईत न्हाय व्हय गं?" आक्का म्हणाल्या. "लई दिस झालं म्हणतोय. परवा जत्रंला आलता, तवा मला बोलला."

मी शाळेत होते. पाचवीचा तास संपवून नुकतीच स्टाफरूममध्ये आले होते, बोटांना खडू तसाच होता. भीती वाटली, पण ती जराशानं. सगळ्यात आधी आला तो राग. एका घरात राहतो, एकमेकांच्या ताटातलं उरलेलं खातो. अलीकडे हे आपली लुंगी आपणच धुवून दोरीवर टाकायचे आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. आणि एवढी गोष्ट सांगायला यांना वडगावातून उचगावापर्यंत जावं लागलं.

संध्याकाळी मी मागाच्या खोलीत गेले. घरामागच्या त्या खोलीत यांचे पॉवरलूम होते, साड्यांचे. चालू मागांच्या आवाजात आम्ही नेहमीच ओरडून बोलायचो, पण त्या दिवशी यांनी मला बघितलं आणि एकेक माग बंद केला.

"मला का न्हाय सांगितलं?"

"तू रडली असतीस."

"आणि आक्का?"

"आक्का रडत न्हाय."

ते खरं होतं. आक्का लग्नानंतर लगेचच विधवा होऊन माहेरी परतल्या, त्या उचगावच्या शेतावरच राहिल्या. सासूबाई हे लहान असतानाच गेलेल्या. मी त्यांना पाहिलेलंही नाही. या धाकट्या भावाला न्हाऊमाखू घालून आक्कांनीच वाढवलं. तरुणपणी हे बेळगावातल्या वडगावात सूत रंगवण्याच्या भट्टीवर कामाला आले, पुढं स्वतःचे माग घातले, माझ्याशी लग्न केलं. मी निपाणीची, तंबाखूच्या वखारीतल्या हमालाची मुलगी, पण शिकलेली, सरकारी मराठी शाळेत शिक्षिका. आक्का पहिल्या दिवसापासून माझ्याशी चांगल्या वागल्या. त्यांच्याविरुद्ध बोलायला मला आजवर एक जागा सापडलेली नाही, आणि त्याचाच मला त्रास.

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, बिडी ओढता? रंगाचं काम केलंय? दोन्हीला हो म्हणावं लागलं. मूत्राशयात गाठ होती. तिथल्या तिथं असती तर मूत्राशय काढून टाकता आलं असतं, पण ती भिंत ओलांडून आजूबाजूला पसरली होती. लघवी अडत होती, रक्ताच्या गुठळ्या अडकत होत्या, आणि वर मूत्रपिंडं फुगत चालली होती. डॉक्टरांनी आधी पाठीतून दोन्ही बाजूंना नळ्या घातल्या, म्हणजे लघवी मूत्रपिंडातूनच परस्पर बाहेर येईल. त्यानं रक्तातलं विष उतरलं, पण यांना पाठीवर निजता येईना. कूस वळली की नळी ओढली जायची. एकदा शर्ट काढताना एक नळी निघूनच आली.

मग डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावलं. आक्का होत्याच. डॉक्टर मराठीत बोलत होते, अवघड जागी कानडी शब्द घालत.

"आजार बरा होणार नाही, हे तुम्हाला माहिती असायला हवं," ते म्हणाले. "पण लघवीला दुसरी वाट करून देता येईल. लहान आतड्याचा एक तुकडा घ्यायचा, मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नलिका त्याला जोडायच्या आणि त्याचं तोंड पोटावर काढायचं. तिथं पिशवी. पाठीतल्या नळ्या जातील, खालचा त्रास कमी होईल. ऑपरेशन मोठं आहे. आयुष्य किती वाढेल हे मी सांगणार नाही, कारण मलाच माहीत नाही."

मी यांच्या उजव्या हाताला बसले होते. आक्का भिंतीकडेला उभ्या होत्या. यांनी मान वळवली, माझ्यावरून नजर पुढं नेली आणि विचारलं, "आक्का, काय करू?"

"चालायला, उभं ऱ्हायाला येईल काय त्यांस्नी इचार," आक्का म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, येईल.

"मग कर."

झालं. ठरलं. मला कुणी विचारलं नाही असं नाही, बाहेर आल्यावर हे म्हणाले, "तुला पटतंय न्हवं?" मी म्हटलं, पटतंय. पटलंही होतं. पण ठरून गेल्यावर विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर देणार माणूस.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक सिस्टर आली, विजापूरकडची, कानडी बोलणारी. पोटावर तोंड कुठं काढायचं त्या जागेवर तिला पेनानं खूण करायची होती. तिनं यांना बसवलं, उभं केलं, वाकायला लावलं, पोटाला वळी कुठं पडते ते बघितलं. मग कानडीत विचारलं, "लुंगी कुठं बांधतात? बेंबीच्या वर का खाली?"

आक्का माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना माहीत नव्हतं.

"खाली," मी म्हटलं. "आणि गाठ डावीकडं मारतात. मागावर उभे राहिले की पोट दांडीला टेकतं, ते बेंबीच्या वरच्या अंगाला."

सिस्टरनं माझ्या सांगण्याप्रमाणं उजवीकडं जरा हलवून खूण केली. त्या दिवशी मी घरी आले तेव्हा, सांगायला विचित्र वाटतं, पण मी खूश होते.

ऑपरेशन नीट पार पडलं. नंतर यांना वॉर्डात आणलं आणि पिशवी कशी बदलायची ते घरच्या माणसाला शिकवायचा दिवस आला. नेमकं त्याच दिवशी मला शाळेत परीक्षेचं काम होतं. सुट्टी मिळाली नाही. पेपर गोळा करून रिक्षानं धावत दवाखान्यात पोचले, तर पडदा लावलेला आणि आतून सिस्टरचा आवाज, "बरोबर, अज्जी, बरोबर." पडदा सरला. आक्का हातमोजे काढत होत्या. यांच्या अंगावर चादर गळ्यापर्यंत ओढलेली.

"मला दावा की," मी म्हटलं.

"झालं आता. आक्काला येतंय," हे म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

आक्का आमच्या घरी राहायला आल्या. पिशवी काही दिवसांनी बदलावी लागे, सकाळी, चहापाणी घेण्याआधी, म्हणजे त्या वेळी लघवी कमी ठिबकते. खोलीचं दार बंद व्हायचं. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटायची आणि माझे कान त्या दाराला. रोज पिशवीची तोटी उघडून रिकामी करायचं काम हे स्वतः करत, मोरीत, कडी लावून. मला कुठंच जागा नव्हती.

त्यातून एक थट्टा निघाली. पोटावरच्या तोंडाला ती सिस्टर कानडीत 'बायी' म्हणायची, बायी म्हणजे तोंड. आमच्याकडं कानडी सगळ्यांनाच कळतं, पण मराठी कानाला ते 'बाई' असंच ऐकू येतं. भावाबहिणींनी ते उचललं. दारामागून आवाज यायचा.

"बाई आज लई लाल झालीया रं."

"रुसली असंल. रातच्याला कुशीवर निजलो तिच्या."

"तिला जरा वारं लागू दे. थांब, हालू नगंस."

आणि मग दोघांचं हसणं. मी तव्यावरची पोळी करपू दिली. नवऱ्याच्या अंगावर एक नवी गोष्ट आली होती, लाल, ओली, जिवंत, आणि तिला नाव होतं, तिचे रुसवेफुगवे होते, आणि ती मला सोडून सगळ्यांना माहीत होती. दुसऱ्या बाईपायी एखादी बायको जळते, तशी मी त्या बाईपायी जळले. आक्कांवर जळले ते वेगळंच. त्या अंगणात बसून भांडी घासत असल्या तर त्यांच्या हातांकडे बघत राहायची मी. जाड, शेतात रापलेले हात. त्या हातांना यांच्या पोटाची कातडी कशी लागते ते ठाऊक होतं.

एकदा मीच म्हटलं, "आज मी बदलते."

"नगं," हे म्हणाले.

"का?"

"नगं म्हणलं न्हवं."

मी शाळा सुटल्यावर परस्पर दवाखान्यात गेले. ती विजापूरकडची सिस्टर भेटली. तिला म्हटलं, मला शिकव. ती म्हणाली, पेशंटला घेऊन ये. मी म्हटलं, पेशंट येत नाही, पेशंटला मी नको आहे. तिनं कपाटातून एक पिशवी काढली, माझा हात धरला, माझ्याच मनगटावर पिशवीची चिकट चकती ठेवून सगळं दाखवलं. जुनी चकती वरून खाली हळूहळू सोलायची, कातडी दुसऱ्या हातानं दाबून धरायची. साध्या पाण्यानं पुसायचं, साबण नको. कोरडं होऊ द्यायचं. तोंडाचं माप घेऊन चकतीला भोक कापायचं, मोठं कापलं तर भोवतीच्या कातडीला लघवी लागून ती सोलवटते. लघवीत शेंबडासारखं काही दिसलं तर घाबरायचं नाही, आतड्याचा तुकडा आहे, तो आपलं काम विसरत नाही. निघताना तिनं ती पिशवी मला देऊन टाकली.

शनिवारी सकाळची शाळा होती. आंघोळ झाल्यावर मी मोरीचं दार लावलं, चकतीला भोक कापलं, पिशवीत तांब्यानं पाणी ओतलं आणि ती माझ्या पोटावर चिकटवली, बेंबीच्या उजवीकडं, यांना खूण केली होती तिथं. वरून साडी नेसले. आक्कांना हातांनी जे माहीत होतं ते होतं. पण पोटाला ते काय लागतं हे तर त्यांनाही माहीत नव्हतं. ते मला हवं होतं.

जड लागतं, हे आधी कळलं. चालताना ते आपल्यापेक्षा जरा मागून हलतं. ऊन नसतानाही तिथं कोमट होतं. फळ्यावर लिहायला हात वर केला की चकती कातडीला ओढते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, सारखं वाटतं की लोकांना दिसतंय. हेडमास्तरीण बाई काही विचारत होत्या आणि मी पदर पुढं ओढून घेत होते. यांनी आजारानंतर सगळे शर्ट बाहेर सोडायला सुरुवात केली होती, मी त्यावरून एकदा टोकलंही होतं. त्या सकाळी ते मला कळलं.

घरी आले. हे सोप्यात खुर्चीवर होते, आक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. उंबऱ्याशी चपला काढायला वाकले आणि पोटावर काहीतरी सुटलं. पाणी निऱ्यांतून खाली आलं, फरशीवर पसरलं.

आक्का ताडकन उठल्या. "अगं बाई, काय झालं?"

मी निऱ्या बाजूला केल्या आणि लोंबणारी पिशवी हातात धरून उभी राहिले. मला वाटलं हे रागावतील. हे बघत राहिले, पिशवीकडं, मग माझ्या तोंडाकडं.

"शाळंत घालून गेलतीस?"

"व्हय."

"सकाळधरनं?"

"व्हय."

"चकती चांगली कोरडी केली न्हाईस लावायच्या आधी," हे म्हणाले, आणि हसायला लागले. टाके दुखतील म्हणून पोटाला हात धरून हसत होते. मग ते हसणं मधेच तुटलं आणि यांनी तोंड फिरवलं. आक्का फडकं घेऊन फरशी पुसू लागल्या. मी त्यांच्या हातातून फडकं काढून घेतलं.

पुढच्या खेपेला यांनी मलाच हाक मारली. आत गेले. दार मी लावलं. यांनी शर्ट वर केला आणि छताकडं बघत राहिले.

"आक्कानं मला लहानपणी अंगुळ घातलीया," हे म्हणाले. "तिच्यापुढं मी अजून पोर हाय. तुझ्यापुढं न्हाय. म्हणून नगं म्हणत हुतो."

मी चकती सोलली. खाली ते होतं. सुपारीएवढं, लालभडक, ओलं, गालाच्या आतल्या कातडीसारखं. मी बघत असतानाच त्यातून एक थेंब आला, मग थांबला, मग दुसरा. मला किळस येईल अशी भीती होती. आली नाही. त्याला स्पर्श कळत नाही असं सिस्टरनं सांगितलं होतं, तरी मी ओलं कापड इतकं हळू टेकवलं की हे म्हणाले, "अगं, तिला काय दुकत न्हाय. पूस नीट."

माझ्या तोंडून मात्र वेगळंच निघालं. "तिला बाई म्हणायचं न्हाय," मी म्हटलं.

"मग काय म्हणायचं?"

"काय बी म्हणू नका."

आक्कांनी त्याच आठवड्यात आपली कपड्यांची पिशवी भरली. भाताची कामं आलीत म्हणाल्या. मी राहा म्हटलं, मनापासून म्हटलं नाही, आणि ते त्यांना कळलं. दारात त्यांनी माझ्या हातात मापाची पट्टी ठेवली. "पयल्यापेक्षा बारीक झालंय ते. भोक बारीक काप," म्हणाल्या. "आणि डाव्या अंगाला कातडी नाजूक हाय त्याची, तिथं वढू नगं." न रडणाऱ्या त्या बाईनं पदरानं नाक पुसलं आणि त्या बस गाठायला गेल्या. मला जे इतके दिवस होत होतं ते आता त्यांना होतंय हे मी ओळखलं. आणि मला त्यांची कीव आली नाही. बरं वाटलं.

पुढचे काही महिने चांगले गेले, त्या आजारात जेवढे चांगले जाऊ शकतात तेवढे. हे रोज मागावर थोडा वेळ उभे राहायचे. एका मागावर स्वतः निळ्या काठाची साडी काढली. निपाणीला माझ्या भावाकडं बसनं जाऊन आलो, संकेश्वरला उतरून पिशवी रिकामी केली, आणि यांना कुणाचीही लाज वाटली नाही. चिकोडीला दिलेली आमची मुलगी तान्ह्याला घेऊन आली, तेव्हा नातवानं मांडीवर बसून पिशवीलाच लाथा मारल्या आणि हे त्याला म्हणाले, "मार, दोघं बी सारखंच हाय आपण." सकाळची ती वेळ आमची दोघांची झाली होती. लग्नानंतर इतक्या वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो. रंगाच्या भट्टीवर हात कोपरापर्यंत हिरवे होऊन घरी यायचे ते, पहिला माग घातला त्या दिवशी आवाजानं झोप आली नाही ते, सगळं मी तेव्हा ऐकलं.

मग भूक गेली. पाय सुजले. पिशवीत येणारी लघवी कमी आणि गडद होत गेली. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. मी आक्कांना फोन केला, मीच केला.

त्या आल्या आणि उशाशी बसल्या. यांची शुद्ध येऊन जाऊन होती. मी पिशवी रिकामी करत होते, सकाळचं ऊन खिडकीतून पांघरुणावर आलं होतं. यांनी डोळे उघडले, माझ्यावरून नजर नेली आणि आक्कांचा हात धरला.

"आये," म्हणाले. "आये, माग बंद कर गं. लई आवाज करत्यात."

माग कधीचेच बंद होते. आक्का म्हणाल्या, "केलं रं बाळा. केलं बंद."

तोपर्यंत मला वाटत होतं मी आक्कांशी झगडतेय. त्या क्षणी कळलं की पलीकडे आणखी एक बाई होती, जिचा फोटोसुद्धा घरात नाही, आणि तिच्यापुढं आम्ही दोघीही हरलो होतो. आक्कांनी माझ्याकडं बघितलं. यांचा दुसरा हात उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. मी तो धरला, पण यांची बोटं आक्कांच्याच हातात घट्ट होती. दुपारच्या आत हे गेले. शेजारची पुरुषमाणसं आंघोळ घालायला आली, त्याआधी पिशवी काढली ती आम्ही दोघींनी मिळून. मी सोललं, आक्कांनी कातडी दाबून धरली.

दिवसकार्य झाल्यावर कपाटात बऱ्याच पिशव्या उरल्या होत्या, न फोडलेल्या. शाळा सुरू झाल्यावर एका दुपारी त्या घेऊन मी दवाखान्यात गेले. ती सिस्टर वॉर्डात होती. पिशव्या बघून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग म्हणाली, "आलीच आहेस तर जरा थांब. एक पेशंट आहे, मराठी आहे. त्याची बायको माझं ऐकून घेते आणि मान हलवते, पण तिला कळत नाहीये."

बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात काम करणारा माणूस होता. त्याचाही आजार पसरलेला, त्यालाही डॉक्टरांनी तेच सगळं सांगितलेलं. बायको माझ्याहून लहान. हातात चकती उलटी धरून बसली होती. मी तिच्याशेजारी बसले, चकती सरळ केली, तिचं बोट धरून माप कसं घ्यायचं ते दाखवलं. तो माणूस भिंतीकडं तोंड करून होता. तिनं ओलं कापड टेकवलं, तशी ती तिथंच थांबली.

"दुकलं काय ओ?" तिनं त्याला विचारलं.

"न्हाय," तो म्हणाला, आणि त्यानं तोंड तिच्याकडं वळवलं. "पूस तू."

ती पुसू लागली. थेंब येत होता, ती टिपत होती, परत येत होता. तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं आता. मी तिथं बसून बघत होते आणि मला त्या बाईचा इतका हेवा वाटला की मी उठले आणि सिस्टरला न सांगताच बाहेर पडले.